कुणाचाच नसलेला पत्ता

कीलुंगच्या बंदरावरच्या त्या इस्पितळात योउ पाओ-चूला तीसेक वर्षं झाली असतील, पण तिचं नाव विचारलंत तर निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. तळघरातल्या बाई, बस्स. फोन लागेना, तपासणीचे कागद पडद्यावर दिसेनात, वॉर्डाचं आणि औषधांच्या खिडकीचं बोलणं तुटलं, की कुणीतरी म्हणायचं, "तळघरातल्या बाईंना सांगा." सगळं सुरळीत असलं की ती बाई आहे की गेली याची कुणाला पडलेली नसायची. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उलट वरून कुणी आठवण काढली की ती धास्तावायची, कारण आठवण निघाली म्हणजे कुठेतरी बिघडलंच.

तरुणपणी ती इथेच टेलिफोनच्या बोर्डावर बसायची. कानाला भोंगा, हातात पिना, समोर भोकंच भोकं. तिघी जणी पाळीपाळीनं बसत, आणि तिघींनी एकच आवाज काढायचा असा मोठ्या बाईंचा दंडक होता. बाहेरच्या माणसाला वाटलं पाहिजे की इथे एकच बाई बसते, ती जेवत नाही, झोपत नाही, तिला कधी पडसं होत नाही. पाओ-चू या कामात इतकी तरबेज झाली की बाकीच्या दोघींचे नवरेसुद्धा फोनवर फसायचे आणि बाजारातून काय आणू म्हणून तिलाच विचारायचे. तीही बिनदिक्कत सांगायची, "मासे आणा, आणि ताजे बघून आणा." पुढे बोर्ड गेला, दोघींना घरी बसवलं, आणि पाओ-चू संध्याकाळचे वर्ग करून यंत्रं एकमेकांना जोडायची ही नवी विद्या शिकली. लग्न केलं नाही. का नाही, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही, कारण बाई तुटक बोलायची. एका शब्दात भागत असेल तर दुसरा खर्च करायचा नाही.

आता तिच्या तळघरात काय होतं ते सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आ-हाइ नावाचा गडी तिच्या हाताखाली आला, चाळिशीला टेकलेला, तोंडाळ, पण कामाला वाघ. त्याला तिनं पहिल्या दिवशी सांगितलं होतं तेच सांगतो.

"इस्पितळातल्या प्रत्येक यंत्राला एकच गोष्ट शिकवलेली असते," ती म्हणाली. "आपल्या मजल्याबाहेर काही पाठवायचं असेल तर ते या एका पत्त्यावर द्यायचं. आणि त्या पत्त्यावर कुणी राहत नाही."

"राहत नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. बाहेरची वाट दाखवणारे राउटर दोन आहेत. एक नंबर आणि दोन नंबर. दोघांचे आपापले पत्ते निराळे. हा तिसरा. कुणाचाच नसलेला. जो कामावर असेल तो तो पत्ता अंगावर चढवतो."

"आणि कामावर कोण हे कसं ठरतं?"

"एक नंबर सारखा सांगत असतो, मी आहे, मी आहे. दोन नंबर मुकाट ऐकत बसतो. ओळीनं दोन-तीन वेळा ऐकू आलं नाही, की दोन नंबर समजतो, गेला बिचारा. मग तो तोच पत्ता स्वतःच्या अंगावर चढवतो आणि मोठ्यानं ओरडतो, तो मीच."

"आणि मधला स्विच? त्याला कळत नाही, आवाज बदलला म्हणून?"

स्विच म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ही सपाट पेटी, पुढे ओळीनं दारं, प्रत्येक दारात एक वायर. कुणाचा माल कुणाच्या दारात टाकायचा हे तिनं लक्षात ठेवायचं.

"स्विचला माणूस ओळखता येत नाही," पाओ-चू म्हणाली. "हाक कुठल्या दारातून आली एवढंच त्याला कळतं. काल त्या नावाची हाक या दारातून आली, आज त्या दारातून आली. मग आजपासून सगळं त्या दाराला. विचारत नाही, रडत नाही. वर वॉर्डात कुणाला पत्ताही लागत नाही की खाली कुणी मेलं."

आ-हाइनं कानाची पाळी चोळली. "बाई, हे असलं तुम्ही सातव्या महिन्यात, मेलेले फिरत असतात तेव्हा, नका सांगत जाऊ कुणाला," तो म्हणाला.

पाओ-चूची आई माशांच्या बाजारात आयुष्य काढलेली. जीभ कोयत्यासारखी, कान मात्र अधू झालेले. दोन मुली. थोरली चिन-युन लग्न होऊन दक्षिणेला काउश्युंगला गेली, आणि धाकटी आईजवळ राहिली. थोरलीवर आईचा जीव. तो असायचाच, जी लांब असते तिच्यावर तो जास्त असतो. चिन-युनचा रोज संध्याकाळी फोन यायचा. दक्षिणेचं पाणी लागून तिचं बोलणं लांबट, गोड झालं होतं. "आई गं, जेवलीस का गं?" असं ती प्रत्येक शब्दाला झोका देत म्हणायची आणि नाकातल्या नाकात हसायची. मग अर्धा तास आई बोलायची, तिच्याशी. धाकटीशी दिवसभरात बोलणं काय, तर मीठ कमी आहे आणि खिडकी लाव.

मागच्या थंडीत चिन-युन गेली. यकृताचं दुखणं, सगळं झटपट. लेकराला आईबापानं पोचवायचं नसतं, आपल्यात तसा रिवाजच नाही. आपल्याआधी गेलं म्हणून काठीचे चार फटके शवपेटीला मारायचे आणि घरात बसायचं, तेही ज्यांना कळलंय त्यांनी. इथे तर डॉक्टरांनी आईच्या काळजाचं चित्र दाखवून सांगितलं होतं की या बाईंना धक्का नको. मेहुणा म्हणाला, "नको सांगूया." पाओ-चू म्हणाली, "नको." तेवढ्यावर ठरलं.

पण संध्याकाळ झाली. आई फोनजवळ खुर्ची ओढून बसली. फोन वाजला नाही तेव्हा ती म्हणाली, "ज्या दिवशी ताईचा फोन येणार नाही त्या दिवशी मी समजेन." काय समजेन ते ती बोलली नाही. पाओ-चू कचऱ्याची पिशवी घेऊन खाली गेली. गाणं वाजवत कचऱ्याची गाडी गल्लीत शिरत होती, सगळ्या बाया पिशव्या घेऊन उभ्या होत्या, आणि त्या गर्दीत भिंतीकडे तोंड करून पाओ-चूनं घरचा नंबर लावला.

"आई गं, जेवलीस का गं?"

आवाज असा निघाला की तिच्याच अंगावर काटा आला. प्रयत्न करावा लागला नव्हता. झोका, लांबट गोडवा, नाकातलं हसणं, सगळं जणू तोंडात तयारच होतं.

आई म्हणाली, "ताई, तुमच्याकडेसुद्धा कचऱ्याची गाडी याच वेळेला येते का?"

"सगळीकडे हीच वेळ, आई."

तेव्हापासून रोज. आणि खोटं कशाला बोलू, पाओ-चूला त्याची गोडी लागली. आई काय काय बोलायची फोनवर. बाजारात तिच्या शेजारी बसणाऱ्या विधवेनं तिच्यावर कसा डाव धरला, बाबा दारू पिऊन आले की पायातले बूट हातात घेऊन कसे चोरपावलांनी यायचे, पहिलं पोर पोटात असताना तिला कच्चे पेरू कसे खावेसे वाटायचे. यातलं एक अक्षर धाकटीला ठाऊक नव्हतं. धाकटीबद्दलही आई बोलायची. "तिच्या हातची पेज म्हणजे नुसतं पाणी. आणि बोलणं कसं, हिशेब मागितल्यासारखं. तू होतीस तेव्हा घर कसं भरलेलं वाटायचं." पाओ-चू थोरलीच्या आवाजात म्हणायची, "असू दे गं, तिचा जीव चांगला आहे." आई म्हणायची, "जीव असेल. दाखवायला काय होतं?" फोन ठेवून पाओ-चू जिना चढून घरात यायची, आणि आई तिच्याकडे बघायचीसुद्धा नाही. तोंडावर मात्र फोनचं समाधान असायचं. पाओ-चूला एकाच वेळी बरं वाटायचं आणि कुणीतरी तोंडात मारल्यासारखंही वाटायचं.

पावसाळ्यात आई न्हाणीघरात घसरली. खुबा मोडला आणि काळीज जास्तच बिघडलं. तिला पाओ-चूच्याच इस्पितळात पाचव्या मजल्यावर ठेवलं. उशाशी फोन होता. पाओ-चू संध्याकाळी वर जायची, पेज भरवायची, तोंड पुसायची, "येते" म्हणायची. मग लिफ्टनं तळघरात उतरायची, आपल्या टेबलाशी बसायची, आणि पाचव्या मजल्यावर फोन लावायची.

"आई गं, जेवलीस का गं?"

"जेवले म्हणायचं. धाकटी आत्ताच ओतून गेली घशात."

आ-हाइला हे ठाऊक होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तो हातातला चहा घेऊन दारातच थांबला. त्यानंतर त्या वेळेला तो कुठेतरी काम काढून जायचा. एकदाच बोलला. म्हणाला, "बाई, फोन ठेवल्यावर थोडा वेळ तुम्ही माझ्याशीसुद्धा तशाच बोलता. माहीत आहे का तुम्हाला?"

"काहीतरीच," पाओ-चू म्हणाली. पण ते तिच्या डोक्यातून गेलं नाही.

मग सातवा महिना लागला. पाताळाचं दार उघडलं, गेलेले आपापल्या गावी यायला लागले. आमच्या कीलुंगमध्ये ही गोष्ट कुणाला सांगावी लागत नाही. घराघरापुढे मेजं मांडली, उदबत्त्या, फळं, कागदी नोटा जाळायला लोखंडी पिंप. दिवेलागणीनंतर कुणाला पूर्ण नावानं हाक मारायची नाही. नवं काम काढायचं नाही, चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. आणि नेमकं एक काम राहून गेलं होतं.

त्याचं असं होतं. एक नंबर मोठा, दोन नंबर धाकटा. मोठा मेला तर धाकट्यानं सांभाळायचं, पण मोठा परत उठला की त्याची खुर्ची त्याला द्यायची, तीही ताबडतोब, अशी मांडणी खुद्द पाओ-चूनंच करून ठेवली होती. थोरल्याची जागा थोरल्याची, ती धाकट्यानं बळकावून कशी बसायची? तिच्या मनाला ते पटतच नसे. पण सहाव्या महिन्यात तपासणीला आलेल्या माणसानं दाखवून दिलं, की उठल्याउठल्या एक नंबरला बाहेरचे रस्ते आठवत नाहीत. ते त्याला पलीकडच्यांना विचारून पुन्हा शिकावे लागतात. तेवढा वेळ त्याला थांबवून ठेवायला हवं. एवढंच काम होतं, दोन ओळींचं. विभागाचे क्वो साहेब म्हणाले, "करून टाकू?" पाओ-चूच म्हणाली, "महिना लागतोय साहेब. सरू दे." साहेबांनी मान डोलावली. दुसऱ्या कुठल्या गावातल्या माणसांनी हसण्यावारी नेलं असतं, पण आमच्याकडे कुणीही हेच म्हणालं असतं.

त्या दिवशी दुपारी एक नंबर मेला. वीज देणारा त्याचा भाग सकाळपासून कुरकुरत होता, तो गेला. दोन नंबरनं पत्ता अंगावर चढवला, ओरडला, स्विचनं दार बदललं. वर कुणाच्या हातातला कप हलला नाही. दुरुस्तीचा माणूस उद्या येतो म्हणाला. एक नंबर काळा पडून होता. त्याच्या डोक्यावर खाऊची हिरवी पुडी होती, यंत्रानं शहाण्यासारखं वागावं म्हणून ठेवतात तशी. आ-हाइनं ती सरळ केली आणि म्हणाला, "झोप आता."

संध्याकाळी इस्पितळाच्या दारात मोठी मेजं लागली. क्वो साहेब आणि बडे डॉक्टर हातात उदबत्त्या घेऊन उभे होते. जाळलेल्या नोटांचा वास हवेच्या जाळीतून खाली येत होता. पाओ-चू आईला भरवून खाली आली, टेबलाशी बसली, आणि फोन लावला.

"आई गं, जेवलीस का गं?"

"आज तिनं भोपळा घातला होता पेजेत," आई म्हणाली. "बरी होती."

पाओ-चूला हसू आलं, नाकातलं. "बघ, मी म्हणत नव्हते? शिकेल ती. आमच्या गच्चीतल्या पेरूला यंदा..."

आणि आवाज गेला. फोन तुटला नाही. तुटला की टूं-टूं वाजतं. हे तसं नव्हतं. विहिरीत कान घातल्यासारखं झालं. "आई?" ती म्हणाली. "आई, ऐकू येतंय?" आपलाच आवाज आपल्या कानात पडून तिथेच राहतोय असं तिला वाटलं. तिकडे आई कानाला फोन लावून बसली असेल, आणि थोरलीचा आवाज बोलताबोलता मधेच विझला असेल. ज्या दिवशी ताईचा फोन येणार नाही त्या दिवशी मी समजेन. फोन टेबलावर तसाच आडवा टाकून पाओ-चू उठली.

दारात आ-हाइ. "बाई, सगळे वॉर्ड मुके झाले. पडदे आहेत, पण पुढे काही सरकत नाही."

दोघं यंत्रांच्या खोलीत शिरले. एक नंबरचे दिवे लागले होते.

"तू चालू केलास?" तिनं विचारलं.

"मी? महिना चाललाय बाई, मी बोटसुद्धा लावलं नाही. आपला आपणच उठलाय तो."

तिनं पडद्यासमोर बसून त्या पत्त्यावर हाक घातली. आहेस का? लगेच उत्तर आलं, आहे. पुन्हा विचारलं. आहे. ओळीखाली ओळ उमटत गेली, आहे, आहे, आहे, एकही चुकली नाही. पण त्याच्या पलीकडच्या कुणालाही हाक घातली की काहीच नाही. सगळं इस्पितळ आपला माल त्याच्या हातात देत होतं, आणि तो घेत होता, आणि ते कुठेच जात नव्हतं. परत येऊन खुर्चीवर बसला होता, नाव विचारलं की ओ देत होता, पण बाहेरचा एक रस्ता त्याला आठवत नव्हता. दोन नंबर, ज्याला सगळे रस्ते ठाऊक होते, तो मोठा आला म्हणून मुकाट उठून बाजूला झाला होता.

"शिकेल की थोड्या वेळात," आ-हाइ म्हणाला.

एक नंबरचे दिवे फडफडले आणि गेले. जरा वेळानं पुन्हा लागले. पुन्हा तो ओरडला, मीच तो. शिकायला पुरेल इतका वेळ तो जगतच नव्हता, आणि उठला की आधी पत्ता मागत होता.

पाओ-चू स्विचपाशी गेली आणि एक नंबरच्या दारातली वायर तिनं बोटांत धरली. ती ओढली की झालं. ते दार बंद, त्या दारामागे कोण होतं ते स्विच विसरणार, धाकटा पुन्हा उभा राहणार. यात अवघड काही नव्हतं.

"बाई," आ-हाइ मागून हळूच म्हणाला, "या महिन्यात आलेल्याला दारातून हाकलू नये म्हणतात. साहेबांना तरी विचारू?"

तिचा हात थांबला. साहेबांसाठी नाही. मागे पडद्यावर ओळी चालू होत्या, आहे, आहे, आणि तिला एकदम चिन-युनची भयंकर आठवण आली. तिला वाटलं, ही आली असेल, आपण हिचं नाव घालून बसलोय, हिला आपल्या आईशी बोलायचं असेल. तिचे डोळे भरले आणि तिला स्वतःचाच राग आला. वर पाच मजले मुके होते. तिनं वायर ओढली.

दाराचा दिवा विझला. पडद्यावरच्या ओळी थांबल्या, मग दोन-तीन रिकाम्या गेल्या, मग पुन्हा सुरू झाल्या. आता उत्तर देणारा दोन नंबर होता. पत्ता तोच, उत्तर तेच. वर कुठेतरी एक फोन वाजला, मग दुसरा.

"झालं," आ-हाइ म्हणाला, आणि एक नंबरपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटला.

पाओ-चू धावतच टेबलापाशी आली. फोन आडवा पडला होता तसाच होता. त्यातून बारीक आवाज येत होता. तिनं तो कानाला लावला.

"...हं," आई म्हणत होती. "हं. नाही, तसं नाही गं."

मग आई थांबली. समोरचं माणूस बोलत असताना थांबावं तेवढाच वेळ. पाओ-चूनं श्वास धरला. त्या तारेच्या या टोकाला ती होती, दुसरं कुणी नव्हतं, आणि ती गप्प होती.

"ते मला कळत नाही का?" आई म्हणाली. "पण तिला सांगणार कोण?" पुन्हा थांबली. नंतर जरा हसली. "स्वेटर? कुठला स्वेटर? करडा? धाकटीचा? बरं बरं. सांगते तिला, परत मागू नकोस म्हणून. तुला तिकडे ऊब लागते तर राहू दे तुझ्याकडे."

पाओ-चूला काउश्युंगचा तो दिवस आठवला. शवपेटी बंद करायच्या आधी मेहुणा बाहेर पुजाऱ्याशी बोलत होता. खोलीत कुणी नव्हतं. चिन-युनला आयुष्यभर थंडी सोसायची नाही. पाओ-चूनं अंगातला करडा स्वेटर काढला आणि बहिणीच्या पांढऱ्या कपड्यांच्या आत, पाठीशी सरकवून दिला. हे तिनं मेहुण्याला सांगितलं नव्हतं. आ-हाइला नाही. आईला तर नाहीच नाही.

तिनं फोन खाली ठेवला नाही, पण कानालाही तिला तो धरवेना. टेबलावर ठेवून ती निघाली. लिफ्टची वाट बघवेना म्हणून जिन्यानं चढली. पाचव्या मजल्यावर नर्स तुंग म्हणाली, "फोन सुरू झाले हो बाई, शाबास," ते तिला ऐकू गेलं नाही.

आई उशीला टेकून बसली होती, फोन कानाला, चेहरा खिडकीकडे. पाओ-चूची पावलं ऐकण्याइतके तिचे कान चांगले नव्हते, तरी ती वळली.

"आली बघ," ती फोनमध्ये म्हणाली. "दम लागलाय तिला. हो. ठेवते मी आता." तिनं फोन जागेवर ठेवला, हातानं दोनदा थोपटला, आणि पाओ-चूला बोटानं खुर्ची दाखवली.

पाओ-चू बसली. आईच्या चेहऱ्यावर तिला काही वाचता येईना. आई रडली नव्हती. भ्रमिष्टासारखीही दिसत नव्हती. माल संपल्यावर ती टोपली धुऊन पालथी घालायची, तेव्हा दिसायची तशी दिसत होती.

"ताई होती," आई म्हणाली. "म्हणते, आता रोज यायला जमायचं नाही. लांब पडतं." जरा थांबून ती पुढे म्हणाली, "तुझ्यावर खुश आहे. मला म्हणाली, तुझी धाकटी थकली आहे, तिला सोड आता."

पाओ-चूला विचारायचं होतं, आई, तुला कधी कळलं? कोण होतं फोनवर? आणखी काय म्हणाली ती? तिला विचारायचं होतं की तू हे सगळं माझ्याशी बोलत होतीस की तिच्याशी. हे सगळं तिच्या छातीत एकदम दाटून आलं, आणि भीतीही वाटत होती, आणि त्या भीतीच्या आत कुठेतरी लहान पोरीसारखा आनंद होता.

"तर आता तुझं तू बोल," आई म्हणाली. "कधी बोललीच नाहीस. मीही विचारलं नाही. सांग काहीतरी. दिवसभर काय करतेस तिथे खाली?"

पाओ-चूनं तोंड उघडलं.

"आई गं," तिच्या तोंडून निघालं, लांबट, गोड, झोका देऊन. "आमच्या गच्चीतल्या पेरूला..."

ती दचकून थांबली. तिनं घसा खाकरला, पुन्हा सुरुवात केली, आणि पुन्हा तोच आवाज आला. तिसऱ्यांदा तिनं ओठ घट्ट मिटले. आपलं स्वतःचं बोलणं कसं होतं ते तिला आठवेना. आपण कुठून सुरू करायचो, आईला काय म्हणायचो, काही केल्या आठवेना. ती भेदरून आईकडे बघत राहिली.

आईनं हात लांब केला. माशांचे खवले काढून काढून खडबडीत झालेला तो हात तिनं पाओ-चूच्या गळ्यावर, आवाज निघतो तिथे ठेवला, आणि तसाच राहू दिला.

"घाई नको," आई म्हणाली. "मी आहे इथे. येईल."

खाली दारात पिंपातल्या नोटा जळून गेल्या होत्या आणि लोक मेजं आवरत होते. वॉर्डातले फोन वाजत होते, उचलले जात होते. नर्स तुंग एकदा डोकावली, तेव्हा आई तशीच बसलेली होती आणि तिचा हात लेकीच्या गळ्यावर होता.